दोन बोटं कमी

धक्क्यावर हौशी मासेमारांच्या होड्या तपासायचं काम धाकट्याकडे होतं. हात ओला करायचा, माशाचं तोंड मापाच्या फळीला टेकवायचं, शेपूट चिमटीत मिटायचं, म्हणजे लांबी पुरती भरते. मासा खुणेपर्यंत पोचला नाही तर परत पाण्यात. तलावातले मासे घटल्यापासून आखूड मासा ठेवल्याच्या तिसऱ्या चुकीला परवाना रद्द होई.

थोरल्या भावाच्या दोन चुका झाल्या होत्या. वहिनी गेल्यापासून तो फक्त रविवारी, होडीपुरताच घराबाहेर पडे. आज त्याच्या बादलीतला मासा आखूड भरला.

"दादा, दोन बोटं कमी आहे."

"शेपूट मिटून बघ की, शहाण्या."

"मिटूनच बघितलं."

"गळ बांधायला मी शिकवलं, आता मलाच माप शिकव!"

धाकट्याने मासा पाण्यात सोडला. तो आधीच मेला होता. उताणा तरंगत राहिला. मग त्याने भावाचा परवाना काढून घेतला. आता वाईट वाटेल म्हणून तो जरा थांबला, पण काहीच वाटलं नाही.

पुढच्या रविवारी थोरला आला आणि बांधलेल्या होडीतच जाऊन बसला. ऊन चढल्यावर धाकट्याने आपली टोपी होडीत टाकली. थोरल्याने ती मांडीवर ठेवली आणि पाण्याकडे बघत बसून राहिला. धाकटा पुढची होडी तपासायला गेला.