चंपाषष्ठीचा घास

आमचे कुलदैवत खंडोबा. चंपाषष्ठीला वांग्याचे भरीत, पातीचा कांदा आणि बाजरीचा रोडगा असा नैवेद्य होतो. त्यातला एक घास कुत्र्याला घालायचा, कारण कुत्रा देवाच्या सोबतचा. बदलापुरात फ्लॅटमध्ये राहायला आल्यावरही मी ही रीत मोडली नाही. तो घास इमारतीखालच्या कुत्र्यांना जाई. गेल्या वर्षी मात्र घरातच कुत्रा होता. नातीने पाळलेला, पांढरा, केसाळ, मांजराएवढा.

सून म्हणाली, "बाबा, कांदा-लसूण त्याला विष आहे. डॉक्टरांनीच सांगितलंय."

"देवाचा नैवेद्य देवाच्या कुत्र्याला बाधतो?"

"बाधतो. हा नुसता रोडगा द्या."

मी मान हलवली. ती आत गेल्यावर मी त्याला कांदा कालवलेले भरीत दिले. एका घासाने रीत पुरी झाली होती. मी आणखी वाटीभर वाढले. त्या वाटीला रीतीचा आधार नव्हता. सुनेचे म्हणणे मला खोटे पाडायचे होते.

तिसऱ्या दिवशी तो उठेना. हिरड्या पांढऱ्या पडल्या, लघवी तांबडी झाली. मुलाने त्याला अंबरनाथच्या डॉक्टरांकडे नेले. नात आणि मी सोबत होतो.

"कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट, असं काही पोटात गेलंय?" डॉक्टरांनी विचारले.

"छे! ही आम्हाला बिस्किटसुद्धा देऊ देत नाही," मुलगा नातीकडे बोट दाखवून म्हणाला.

मी शेजारच्या खुर्चीवर गप्प बसलो. कारखान्यात फोरमन असताना चूक लपवणाऱ्याला मी कधी क्षमा केली नव्हती.

रक्त तपासायला घेऊन डॉक्टरांनी तूर्त गोचिडांचा ताप समजून औषधे दिली. दोन दिवसांनी मी एकटाच त्याला रिक्षाने घेऊन गेलो आणि खरे सांगितले.

"आजोबा, हे परवा बोलायचं होतंत," ते म्हणाले आणि लगेच त्याला दाखल करून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

मुलाला आणि सुनेला मी त्याच दिवशी सांगितले. नातीला सांगायचे काम मात्र मी टाळले. आठवड्याने लक्षात आले की ती खाली खेळायला जात नाही. विचारल्यावर म्हणाली, "मीच त्याला गवतात नेत होते ना, आबा. तिथेच गोचीड लागली."

मी तिला समोर बसवून सर्व सांगितले.

"म्हणजे गवतामुळे नाही?"

"नाही."

"शप्पथ?"

"शपथ."

"मग डॉक्टरांनी विचारलं तेव्हा का नाही बोललात?"

"लाज वाटली."

ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती खेळायला खाली उतरली. माझ्याशी ती अजून कामापुरतेच बोलते. मी तक्रार करीत नाही.