कुलूप लावून गेलेला माणूस

माणसाची गेलेली पत परत येते का, आणि येत असेल तर नेमकी कशाने, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहावयास बसलो आहे. भूमिती शिकवण्यात हयात गेल्यामुळे सिद्धतेआधी आकृती काढण्याची मला सवय आहे. इथली आकृती म्हणजे माझे साडू, माझ्या पत्नीच्या धाकट्या बहिणीचे यजमान. सबंध नगर जिल्ह्यात कुलपावर त्यांच्याइतका विश्वास ठेवणारा माणूस झाला नाही, आणि कुलपाने त्यांच्याइतके कोणाला बुडवलेही नाही.

साडू संगमनेरात विहिरींवरच्या मोटारी भरून देत. जळालेल्या मोटारीतील तांब्याची तार उपसून काढायची आणि तिच्या जागी नवी गुंडाळायची, हा त्यांचा धंदा. करदोट्याला किल्ल्यांचा जुडगा असे आणि तो इतका जड, की साडू गल्लीच्या तोंडाशी आले की आवाजावरूनच माझी पत्नी चहाचे आधण ठेवी. साखरेच्या डब्याला कुलूप, हत्यारांच्या पेटीला कुलूप, सायकलीला दोन, आणि जेवणाच्या डब्यालाही कडी बसवून एक चिमुकले पितळी कुलूप. एकदा सायकलीची किल्ली घरी राहिली, तेव्हा सायकल खांद्यावर घेऊन ते भर बाजारातून निघाले. साहजिकच पोलिसाने हटकले. "माझीच हाय," साडू म्हणाले. "मग चालवत का नाहीस?" "कुलूप हाय ना, साहेब!" पोलिसाने क्षणभर विचार केला आणि सोडून दिले. चोर असता तर त्याने कुलूप तोडले असते, हा त्याचा तर्क निर्दोष होता. मी तो वर्गात उदाहरण म्हणून अनेकदा वापरला आहे.

एकदा सणाला आमच्याकडे मुक्कामाला आले असताना सकाळी त्यांनी, निव्वळ हाताच्या सवयीने, आमच्या न्हाणीघराला बाहेरून कुलूप घातले आणि कामावर निघून गेले. आत सासरे होते. शेजारच्या अकोले गावाहून दोन दिवसांसाठी आलेल्या त्या वृद्ध गृहस्थांना बाहेर काढण्यासाठी मला साडूंच्या दुकानापर्यंत पळावे लागले. "जावईबापू, मी काय चोरीला जानार व्हतो का?" सासऱ्यांनी ओल्या अंगाने विचारले. साडूंनी किल्ली पुन्हा करदोट्याला अडकवत अत्यंत गंभीरपणे उत्तर दिले, "दादा, जमाना वाईट हाय." गावाला जायचे तर ते एस.टी. स्टँडवरून कुलूप ओढून पाहायला परत येत, आणि गाडी चुके. मेहुणी म्हणे, "ह्यांचं लगीन कुलपाशीच लागलंय. मी आपली करवली."

आता मूळ गोष्टीकडे वळतो. नव्वदच्या दशकाचा आरंभ होता. साडू एका विधवा बाईंच्या खोलीत अकरा महिन्यांच्या करारावर राहत होते. सारी गल्ली त्या बाईंना मावशी म्हणे. मावशींच्या दोन खोल्या. एकीत त्या राहत, दुसरीच्या भाड्यावर जगत. त्या वर्षी पाऊस झाला नाही, विहिरी आटल्या, आणि विहिरीच आटल्यावर मोटारी जळायच्याही थांबल्या. साडूंचे भाडे थकले. अशात घोडेगावच्या पलीकडच्या त्यांच्या गावाहून निरोप आला, की वडिलांचे अर्धे अंग लुळे पडले आहे. साडूंनी बायकोला व लहानग्या मुलीला अकोल्याला माहेरी धाडले, संसार होता तसा खोलीत ठेवला, संग्रहातले सर्वांत मजबूत कुलूप दाराला लावले, ते ओढून पाहिले आणि ते गेले. त्यांच्या मनात यात फसवणूक नव्हती, उलट ती हमी होती. भांडीकुंडी आत आहेत, म्हणजे माणूस परत येणार.

परंतु भाड्याने खोल्या देणाऱ्यांच्या बोलीत "कुलूप लावून गेला" या शब्दांचा अर्थ वेगळा आहे, आणि तो इथे समजावून सांगणे मला आवश्यक वाटते. भाडे बुडवून रात्रीतून सामान उचलणारा भाडेकरू परवडला, कारण तो निदान खोली मोकळी करतो. कुलूप लावून जाणारा ताबा ठेवून जातो. त्याचे कुलूप तोडावे तर उलट आपल्यावरच फिर्याद होईल, कोर्टात जावे तर आयुष्य सरेल, ही धास्ती. मावशींना कुलूपही तोडवेना आणि खोलीही भाड्याने देता येईना. वर्षाहून अधिक काळ त्यांनी आपल्या उत्पन्नाच्या दारावर ते कुलूप लटकताना पाहिले, आणि दळण टाकायला जाताना प्रत्येकाला सांगितले, "कुलूप लावून गेला."

वडिलांचे दिवस घालून साडू परतले, तेव्हा हे वाक्य त्यांच्या आधी सर्वत्र पोहोचले होते. नवी जागा पाहायला ते जात, आणि घरमालक विचारी, "आधी कुठं होता?" साडू खरे सांगत. त्यावर उत्तर येई, "पाहुणे येणारेत आमच्याकडं. खोली लागेल." एका घरमालकाने तर हसून म्हटले, "तुमी व्हय ते! खोली देतो की. पण किल्ली माझ्यापाशी, आणि दारही मीच काढून ठिवतो." साडूही हसले, आणि आमच्या घरी येऊन जेवले नाहीत. ते दुकानातच, जळक्या मोटारींच्या मध्ये झोपत. इकडे मुलगी शाळेत घालण्याच्या वयाला आली होती. मेहुणीचा निरोप आला: "जागा मिळाली की येते. तारांच्या ढिगात लेकराला निजवू का?" संसार पुन्हा एका छपराखाली येतो की नाही, हे आता मावशींच्या तोंडातल्या एका वाक्यावर अवलंबून होते.

मी त्यांच्यासोबत मावशींकडे गेलो. आधी कुलूप उघडायचे ठरले. ज्या माणसाने जन्मात एक किल्ली हरवली नाही, त्याची किल्ली त्याच्याच कुलपात फिरेना. आत गंज धरला होता. मावशी घरातून तेलाची वाटी घेऊन आल्या, तोंडाने शिव्या देत, पण आल्या. दार उघडले. गाद्या वाळवीने खाल्ल्या होत्या. मुलीची एक चप्पल कोपऱ्यात होती, आता तिच्या पायाला न येणारी.

सामान निघाले. साडू म्हणाले, "मावशी, समदं भाडं देतो. बंद होती त्या महिन्यांचंबी."

"न्हाई घ्यायची," मावशी कडाडल्या. "बंद खोलीचं भाडं घेतलं म्हंजी तू अजून भाडेकरूच ठरशील. मास्तर, ह्यो मला येडी समजतो का?"

तर्क निर्दोष होता. भाडे घ्यायचे नव्हते, पण त्या महिन्यांचे नुकसान तर झालेच होते. तेव्हा "भाडे" हा शब्द न उच्चारता, नुकसान म्हणून, दरमहा थोडे थोडे द्यावे असा तोडगा मी सुचवला. मावशींनी एक अट घातली. पैसे उंबऱ्याबाहेर उभे राहून द्यायचे. "आत पाऊल टाकलंस की ताबा. भाईर. गल्लीला दिसंल असं."

तेव्हापासून प्रत्येक पहिल्या तारखेला साडू त्या उंबऱ्याबाहेर उभे राहत. उन्हात डोक्यावर पंचा, पावसात छत्री. पैसे आत जात, मावशी मोजत, दार लागे. सुगी बरी झाली की थोडे अधिक, नसली की कमी. पण तारीख चुकली नाही. एक गोष्ट हळूहळू माझ्या लक्षात आली. साडूंचा जुडगा हलका होत होता. साखरेचा डबा उघडा राहू लागला. सायकलीला एकच कुलूप उरले. मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "कुलूप पायलं की मावशीचं त्वांड दिसतं." ते हसले नाहीत, आणि खरे सांगायचे तर त्यांच्या उघड्या डब्याने मला बरे वाटले नाही. पुढे उंबऱ्यावरून चहाची बशी बाहेर सरकू लागली. साडू ती बाहेर उभ्यानेच पीत. मुलगी तिकडे अकोल्याला शाळेत गेली, अक्षरे शिकली, आणि वडिलांचा पत्ता "दुकान, संगमनेर" असा लिहू लागली.

शेवटचे पैसे दिल्यावर साडूंनी विचारले, "मावशी, आता कुनी इचारलं तर काय सांगशीला?"

"झालं ते सांगीन. खोटं कशापायी बोलू?"

साडू खाली मान घालून परत आले. त्याच आठवड्यात एक घरमालक मावशींकडे चौकशीला गेला. मावशींनी खरोखर एक अक्षर खोटे सांगितले नाही. त्या म्हणाल्या, "कुलूप लावून गेल्ता. पन किल्ली घिऊन आला."

साडूंना खोली मिळाली. मेहुणी आली. मुलगी दारात थांबून आईला विचारत होती, "आत जायचं का?" साडूंच्या डोळ्यांत तेव्हा पाणी आले की नाही, हे मला सांगता येत नाही, कारण ते कडी बसवण्यासाठी खिळा शोधत होते.

मावशी पुढे वारल्या. दोन पुतण्यांत वाद लागला आणि त्या खोलीवर दोघांची दोन कुलुपे आली. एका पहिल्या तारखेला मी त्या गल्लीतून जात असता साडू तेथे उभे असलेले दिसले. नेहमीच्याच जागी, उंबऱ्याबाहेर. त्यांनी पुढे होऊन दोन्ही कुलुपे एकेकदा ओढून पाहिली, आणि उतरत्या उन्हात निघून गेले. किल्ल्यांचा आवाज आला नाही.

माझे उत्तर असे, की पैसे फेडल्याने देणे मिटते. पत मात्र ज्याचे नुकसान झाले त्याच्या तोंडून परत येते, आणि यायला लागते तितका काळ आयुष्यातून वजा होतो. परंतु हे एकाच आकृतीवरून काढलेले उत्तर आहे, आणि एका आकृतीवरून प्रमेय सिद्ध होत नाही असे मीच मुलांना सांगत आलो. तेव्हा वाचकांना विनंती एवढीच, की माझ्यावर विसंबू नये. आपण पूर्वी ज्या घरात राहत होता, तेथे एकदा जावे, उंबऱ्याबाहेर उभे राहावे, आणि आपल्यामागे तेथे काय सांगितले जाते ते स्वतः विचारून पाहावे.