पाचवं शील आणि फळांचा पंच

आधी कप खाली ठेवा, मग सांगतो. हसताना चहा सांडेल आणि माझ्या बायकोने, सुनंदाने, आजच नवा टेबलक्लॉथ घातलाय.

लखनऊत असताना माझं ड्रायव्हिंग लायसन्स निलंबित झालं होतं. दारू पिऊन गाडी चालवली म्हणून!

हो, माझंच! वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतल्या आमच्या छोट्या विहारात दर रविवारी मुलांना पंचशील शिकवणाऱ्या मेश्राम सरांचं! पाचवं शील, म्हणजे मद्यापासून दूर राहण्याचं, मी इतक्या तळमळीने समजवायचो की मुलं खोकल्याचं औषधही घेईनात. आया तक्रार घेऊन घरी यायच्या.

झालं असं. ऑफिसातल्या मिश्राजींचा मुलगा फौजेत कॅप्टन झाला. त्याने छावणीतल्या मेसमध्ये दुपारचं जेवण ठेवलं. चकचकीत चमचे, पांढरे हातमोजे घातलेले वेटर! बसल्या बसल्या कोणीतरी माझ्यापुढे बिअरचा ग्लास सरकवला. मी तो दोन बोटांनी परत सरकवला.

"अरे मेश्रामजी, एक घूँट! बेटे की ख़ुशी में!"

बस! एवढं निमित्त मला पुरतं. मी मद्यपानाच्या दुष्परिणामांवर बोलायला लागलो. टेबलावरचे लोक ऐकत होते. म्हणजे, उठून जाता येत नव्हतं. बोलून बोलून घसा कोरडा पडला, तसा वेटरने गारेगार ग्लास पुढे केला. "फ्रूट पंच, सर." लाल रंग, वर संत्र्याची फोड, खाली डाळिंबाचे दाणे. काय चव होती म्हणून सांगू!

आता बघा, मी बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरंसुद्धा भिंगातून वाचणारा माणूस. पण त्या ग्लासात काय आहे, हे विचारलं का? नाही! भाषण रंगात आलं होतं ना! दारूचे दुष्परिणाम वाढत गेले तसे ग्लासही वाढत गेले. चौथ्या ग्लासाला मी मिश्राजींचा हात धरून रडलो म्हणतात. मला वाटलं, विषयच तसा हृदयस्पर्शी आहे.

मग मी आनंदात गाडी काढली. रायबरेली रोडवर पोलिसांनी अडवलं.

"फूँकिए."

मी छाती भरून फुंकलं. लपवायला होतंच काय? मशीन जोरात किंचाळलं. दरोगाने आकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"कितनी पी है?"

"एक थेंब नाही! मी शील पाळणारा माणूस आहे!" असं म्हणून पुरावा म्हणून मी पाचवं शील खड्या आवाजात पालीत म्हणून दाखवलं. डोळे मिटून, हात जोडून, भर रस्त्यात.

दरोगा शिपायाला म्हणाला, "देख रहे हो? इतनी चढ़ी है कि संस्कृत निकल रही है."

"संस्कृत नहीं, पाली!"

"लिखो, बहस भी कर रहे हैं."

ठाण्यातून घरी फोन केला. मुलीने, प्रज्ञाने उचलला. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतच देते. ती आतल्या खोलीकडे ओरडली, "मम्मी! पापा थाने में हैं! कह रहे हैं, फ्रूट खाकर पकड़े गए!"

कोर्टात दंड भरला. वाटलं, सुटलो. कसलं काय! मागोमाग आरटीओची नोटीस आली : तुमचं लायसन्स का निलंबित करू नये, हे येऊन सांगा. गेलो. साहेब अगदी अदबीने बोलणारे.

"पहले गिलास में शक नहीं हुआ आपको?"

"साहब, मैं भाषण दे रहा था."

"अच्छा! किस विषय पर?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. "...नशाबंदी."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. खांदे गदगदत होते. "जनाब, आप पर मुझे पूरा यक़ीन है. मगर आपके सामने जो आ जाता, वो बेचारा भाषण थोड़े ही सुनता." खरं होतं ते. तीन महिने!

घरी सुनंदा म्हणाली, "गाडी गॅरेजमध्ये आहे म्हणून सांगा, बाकी काहीही बोलू नका. तुमचं तोंडच तुमचा वैरी आहे."

पण रविवारी सायकलवरून विहारात पोचलो, मुलं भोवती जमली आणि आमचे सेक्रेटरी वानखेडे साहेब म्हणाले, "काहून सर, गाडी कुठं गेली?" दारूचं नाव निघालं तर ही मुलं माझ्या तोंडून पुन्हा कधी पंचशील घेतील का? आणि तोंडातून निघालं, "सोडली! प्रदूषण किती वाढलंय! आजपासून सायकल!"

टाळ्या पडल्या हो!

पुढच्या रविवारी विहाराबाहेर सायकलींची रांग. त्याच्या पुढच्या रविवारी मुलांनी माझ्यावर निबंध लिहिले. आणि मी? माझं ऑफिस चिनहटला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. सायकल वळणावरच्या पानवाल्याकडे ठेवून रोज टेम्पोत, म्हणजे तिथल्या शेअर रिक्षात, स्वतःला कोंबून जात होतो!

वानखेड्यांनी बुद्धपौर्णिमेला माझा सत्कार ठरवला. "आणि पाहुणा असा आणतो सर, की विषयाला एकदम फिट!"

आला पाहुणा. कोण? आरटीओचे साहेब!

लायसन्स आदल्याच दिवशी परत मिळालं होतं, खिशात होतं. गाडी धुऊन उभी होती. आता फक्त हा अर्धा तास निभावायचा होता. पण मी मंचावर पंचशील देताना साहेबांची नजर माझ्यावर खिळली. पाचव्या शीलाला माझा आवाज फाटला. साहेबांनी ओळखलं! प्रज्ञा पहिल्या रांगेत ओढणी तोंडात कोंबून बसली होती.

साहेब माईकपाशी गेले. मी डोळे मिटले.

"मेश्रामजी के इस त्याग का मैं ख़ुद गवाह हूँ," ते म्हणाले. "इनका गाड़ी छोड़ना मेरी ही मेज़ पर तय हुआ था. पूरे तीन महीने इन्होंने निभाया."

बस, एवढंच! टाळ्यांचा कडकडाट! अब्रू वाचली! असा आनंद झाला मला, अशी उचंबळून आली छाती, की मी धावत जाऊन माईक हिसकावला. सुनंदा खालून दोन्ही हातांनी नको नको करत होती. दिसत होतं मला!

"तीन महिने म्हणजे काय?" मी गरजलो. "मी अख्खं वर्ष गाडीला हात लावणार नाही! आणि उद्यापासून ही सगळी मुलं मला चिनहटपर्यंत सोबत करतील!"

मुलांनी असा जल्लोष केला की मंडप हलला.

खाली उतरलो तेव्हा साहेबांनी सरबताचा ग्लास माझ्या हातात दिला आणि कानाशी झुकून म्हणाले, "ख़स का है, बेफ़िक्र होकर पीजिए. बस, साथ में भाषण मत दीजिएगा."

आता सांगा, मेसमधल्या वेळी निदान पंचाला दोष देता आला. या वेळी तर मी सकाळपासून साध्या पाण्यावर होतो!