पूजेचे लाल फडके

त्या माणसाच्या पिशवीत मी चोरून हात घातला होता, हे पन्नाशी उलटली तरी मी घरी कोणाला सांगितलेले नाही.

अचलपूरजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागेत तेव्हा नवे ऑइल इंजिन होते. रिकामे ते सुरेख चाले. पंपाचा पट्टा चढवला की काळा धूर ओकून बंद पडे. पाण्यावाचून फळे गळू लागली, म्हणून अंजनगावहून एक मिस्त्री बोलावला.

तो फारसा बोलत नसे. इंजिनावर तळहात टेकवून डोळे मिटून उभा राही. मला ते ढोंग वाटले. “भाऊ, जरा प्यायले पानी आनता का?” असे तो म्हणाला, तेव्हा मला मुद्दाम दूर पाठवतोय असा संशय बळावला. पाणी घेऊन परतलो, तेव्हा त्याला आपल्या पिशवीत काहीतरी ठेवताना मी पाहिले. इंजिनाचा एखादा भागच असणार! तो हात धुवायला हौदावर जाताच मी पिशवी उघडली.

आत भाकरीशेजारी नीट घडी केलेले लाल फडके होते. खंडेनवमीच्या पूजेत मीच ते इंजिनाच्या हवा ओढणाऱ्या तोंडावर बांधले होते. त्याचा श्वास मीच कोंडला होता.

तो मागे उभा होता. “पूजेचं हाये, भाऊ. भुईवर कसं टाकू? जाता जाता नदीत सोडीन म्हटलं.”

त्याने पट्टा चढवला. पाणी धो धो पडू लागले. मी काहीतरी पुटपुटलो.

“काय म्हणून राहिले?” त्याने कानामागे हात धरला.

कधी आवाज न चढवणारा मी त्या धडधडाटात ओरडलो, “तुमाले चोर समजलो मी, दादा! माफ करा मले!”