माझी की ओळखीची

गल्लीत तिला सगळे कॉलरताई म्हणत. परदेशातल्या शर्टांच्या कारखान्यात सात वर्षं तिनं फक्त कॉलरी लावल्या. ना बाही, ना खिसा. परत येऊन सात वर्षं झाली तरी ते नाव काही सुटलं नाही. "हिची कॉलर कायम ताठ!" म्हणून शेजारीण चिडवायची आणि तिलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोला!

पुढच्या खोलीत शिलाई मशीन होतं. त्याच्यापाशी कुणीतरी परदेशी निघालेली पोरगी बसलेलीच असायची. ताई तिला कॉलरीची टोकं उलटवायला शिकवायची. सुपरवायझरपुढे नुसती मान डोलवू नको, तोंडानं 'हो' म्हण, असं बजावायची. मग फोनचं बटण दाबून काजवालीला निरोप बोलून पाठवायची. काजवाली म्हणजे तिकडची तिची खोलीसोबतीण, काज-बटणांच्या कामावरची. ती अजून तिथंच होती. दोघींची बोली ठरलेली. 'ओळखीची आहे' म्हटलं, की जागा निघालीच तर बघायचं. 'माझी आहे' म्हटलं, की काजवाली सुपरवायझरच्या मागे लागून काम मिळवायची, न्यायला स्वतः विमानतळावर जायची आणि आपल्या शेजारची कॉट धरून ठेवायची. त्यापुढे एजंट-बिजंट सगळे झक मारतात! अशा एकवीस जणी गेल्या. सगळ्या 'माझी'च. नाही म्हणणं ताईला जमायचंच नाही.

प्रत्येक पोरगी गेली, की ताईचा जीव थोडा तिच्यामागून जायचा. सहा कॉटांची ती खोली, खिडकीत वाळणारे टॉवेल, काजवालीचं घोरणं. काय ठेवलं होतं तिथं? काही नाही. तरी आठवण यायची ती यायचीच. आणि तिथं होती तेव्हा सगळा जीव इकडे, लेकीपाशी. पाच वर्षांची पोर आपल्या आईकडे ठेवून ती गेली होती. परतली तेव्हा बारा वर्षांची ती पोर दारात उभी राहून म्हणाली, "या, बसा."

परवा दुपारी लेक मशीनसमोर येऊन बसली. "आई, आता माझा निरोप बोल."

ताईनं हातातली कॉलर खाली ठेवली. "तुला काय कमी आहे गं इथं?"

"तुला काय कमी होतं?" लेक म्हणाली. "एकवीस जणींना शिकवताना बघतेय मी. कॉलर मला तुझ्याइतकी येते."

येत होतीच. ताईनं फोन उचलला, लेकीकडे पाठ केली आणि पुटपुटली, "एक मुलगी आहे. ओळखीची आहे."

लेकीला ही बोली पाठ होती. ती भांडली नाही, तेच ताईला जास्त लागलं. "लोकांच्या पोरी तुझ्या, आणि मी ओळखीची? नको पाठवूस हवं तर. पण असं म्हणू नको गं आई."

ताईला रडू फुटलं. डोळे पुसायलाही न थांबता तिनं पुन्हा बटण दाबलं. "माझी आहे ती. ऐकलंस? माझ्या पोटची आहे."

लेक मागून येऊन तिला बिलगली. इतकी घट्ट बिलगल्याचं ताईला कधी आठवत नव्हतं.

काजवालीचं उत्तर लगेच आलं. दोघींनी मिळून ऐकलं. "अगं बाई, तुझी लेक! कॉट धरलीच समज. पण वेडे, तुझीच आहे, तर पाठवतेस कशाला?"

ताईनं फोन खाली ठेवला. लेक डोळे पुसून विचारू लागली, "आई, थंडी कितपत असते गं तिकडे?"

"दोन स्वेटर ने," ताई म्हणाली.