आम्ही तिघंच आहोत

इथे येणारे भुताखेतांचे अनुभव मी आजवर चहाबरोबर चिवडा खावा तसे वाचत आले. चव म्हणून बरे, पोट काही भरत नाही. मी धारवाडला हायस्कूलमध्ये गणित शिकवते. शाळेमागच्या चिंचेवर म्हणे काहीतरी आहे, म्हणून कुणी तिकडे फिरकत नव्हतं; मी माझा वर्ग मुद्दाम त्या चिंचेखाली डबा खायला बसवला. अमावास्या, उंबरा, मांजर आडवं जाणं... कशाचंच मला कधी काही वाटलं नाही. नवरा म्हणतो, तुझ्या वाटेला भूतसुद्धा जायचं नाही, तू त्याचे मार्क कापशील.

तर असल्या बाईने हे लिहायला घेतलंय. निदान शेवटपर्यंत वाचा, मग हसायचं तर हसा.

आम्ही राहतो धारवाडजवळ रायापूरला. नवरा प्रसाद, याचं हुबळीला गोकुळ रोडवर मोटारपंपांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. मुलगी अन्वी, तिसरीत. आणि सासूबाई, ज्यांना सगळी गल्लीच अक्का म्हणते. नाताळच्या सुट्टीत प्रसादच्या मनात आलं, समुद्रावर जाऊ. कारवारच्या अलीकडे एक गाव आहे, हल्ली तिथे रिसॉर्टांची रांगच लागलीय. नाव देत नाही, उगाच कुणाचा धंदा बसायला नको. तिथे संध्याकाळी बोटीतून खाडीच्या तोंडापर्यंत नेतात, सूर्यास्त दाखवतात, बोटीतच जेवण वाढतात आणि परत आणतात. प्रसादने चौघांचं बुकिंग केलं. निघायच्या आदल्या दिवशी अक्कांचा गुडघा सुजला आणि त्यांनी अंग काढून घेतलं.

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. तीन तिघाडा काम बिघाडा हे सगळेच म्हणतात. तिघं कामाला निघाले तर खिशात खडा नाहीतर सुपारी घेतात, चौथा म्हणून, हेही बऱ्याच घरांत आहे. पण आमच्या अक्का पुढच्या पायरीवर! त्यांची सुपारी म्हणजे खरंच चौथं माणूस. निघताना तिला कुंकू लावून ‘चला हो’ म्हणायचं. जेवायला बसलं की एक घास तिच्यासाठी बाजूला. आणि परत उंबऱ्याच्या आत येईपर्यंत कुणीही विचारलं, किती जण आहात, तर चौघं म्हणायचं. हा नियम सगळ्यात कडक.

सकाळी गाडीपाशी अक्का लंगडत आल्या आणि सुपारी माझ्या पर्समध्ये घातली.

“तिघं जायचं नसतंय ग बाई. हिला ने. आणि विचारलं कुणी तर चौघं म्हण.”

“अक्का, हिचं आधार कार्ड घेतलंत का? टोलनाक्यावर विचारतील.”

“नगबेड,” अक्का म्हणाल्या. हसू नको. एवढंच म्हणाल्या, पण चेहरा असा केला की प्रसादने गाडी सुरू करून टाकली.

अन्वीला मात्र हे फार आवडलं. कलघटगी येईपर्यंत तिने पर्सला शेजारच्या सीटवर बसवून बेल्ट लावला होता. यल्लापूरला चहाला थांबलो तर म्हणे, चौथीला काय? मी म्हटलं, चौथी उपाशी आहे, तिला संकष्टी आहे. अरबैल घाट उतरेपर्यंत मी असलेच विनोद करत होते. आता ते आठवले की माझे मलाच कान धरावेसे वाटतात.

ऊन कलल्यावर धक्क्यावर गेलो. बोट दोन मजली. वरच्या डेकवर टेबलं आणि गाणी, खाली स्वयंपाकघर, टॉयलेट, आणि मागच्या बाजूला चढायची जागा. तिथे एक लोखंडी पायरी पाण्याच्या जवळ जाते, तिला साखळी लावतात. फळीवरून चढताना एक कामगार हात देत होता. अन्वी, मग मी, मग प्रसाद. सहज मागे पाहिलं, तर तो अजून हात पुढे करून उभा होता. कुणा म्हाताऱ्या माणसाला धरावं तसा सावकाश त्याने तो हात बोटीच्या बाजूला वळवला आणि सोडला. प्रसादच्या मागे कुणी नव्हतं. मला वाटलं, सवयीने करत असेल.

टेबलावर चार ताटं होती. बुकिंग चौघांचं, म्हणजे ताटं चार असणारच, त्यात काय. वाढपी साधारण पन्नाशीचा, गळ्यात टॉवेल, तोंडात सतत ‘अम्मा, अम्मा’. बोट सुटली. खाडीचं पाणी तांबूस झालं, सूर्य खाली आला, लोक कठड्याला चिकटून मोबाईल धरून उभे राहिले. खरंच सुंदर होतं, खोटं कशाला सांगू. पहिलं वाढून झालं तेव्हा अन्वीने आपल्या ताटातला एक घास चौथ्या ताटात नेऊन ठेवला आणि माझ्याकडे बघून हसली.

मग वाढपी गरम भजी घेऊन आला. चौथ्या ताटासमोर घुटमळला.

“अज्जी केळगे होदरा?” आजी खाली गेल्या का?

“याव अज्जी?” मी विचारलं. कुठली आजी?

“तुमच्याबरोबर आल्या की, अम्मा. हिरव्या लुगड्यातल्या. आत्ता होत्या. त्यांना गरम वाढतो, येऊ देत.”

मला वाटलं, प्रसादने याला फितवलंय. असली थट्टा तो करू शकतो. पण प्रसादच गोंधळून बघत होता. आणि मला का कोण जाणे, रागच आला. सकाळपासून त्या सुपारीची सरबराई चालली होती, अन्वीच्या डोक्यात ते भरलं होतं, आणि आता हा.

“नावु मूरे मंदि!” मी म्हटलं. “तिघंच आहोत आम्ही. चौथं कुणी नाही. ते ताट उचला इथून.”

“असू दे की ग,” प्रसाद हळूच म्हणाला.

“काय असू दे? तिघं म्हणजे तिघं!” हे मी वर्गात बोलते त्या आवाजात म्हणाले. शेजारच्या टेबलावरच्यांनी मान वळवली. वाढप्याने मुकाट्याने एक ताट उचललं आणि गेला.

मी पाणी प्यायले. ग्लास खाली ठेवला, आणि प्रसाद म्हणाला, “अन्वी कुठाय?”

तिची खुर्ची रिकामी होती. आत्ता होती, माझ्या कोपराला तिचं कोपर लागत होतं! टेबलावर तीन ताटं उरली होती. माझं, प्रसादचं, आणि अन्वीने घास ठेवलेलं ते चौथं. वाढप्याने उचलून नेलं होतं ते अन्वीचं ताट.

पुढचं नीट लावून सांगणं कठीण आहे. आम्ही दोघं दोन बाजूंना धावलो. कठड्यावरच्या गर्दीत बघितलं. तिथे नाही. टॉयलेटची दारं वाजवली. तिथेही नाही. स्वयंपाकघरातले लोक मोठी पातेली उतरवत होते, त्यांनी कुणी पोरगी पाहिली नव्हती. बोट तोवर खाडीच्या तोंडाशी आली होती, समुद्राचे उंच हेलकावे लागत होते, आणि उजेड भराभर जात होता. मी पाण्याकडे बघायचं टाळत होते. कुठल्याही आईला विचारा, असल्या वेळी पाण्याकडे बघवत नाही. मी ‘अन्वी, अन्वी’ ओरडत होते, पण गाण्यांच्या आवाजात माझं मलाच ऐकू येत नव्हतं.

प्रसादने कुणाला तरी सांगून गाणी बंद करवली. बोटीवरचा मुकादम आला, पांढरा शर्ट, हातात टॉर्च. शांत माणूस.

“तुम्ही एकूण किती जण?”

“तीन,” मी म्हटलं.

“मूरु मंदि? सरी इदे,” तो म्हणाला. बरोबर आहे. मग बोट करून मोजलं, “तुम्ही, साहेब... आणि अज्जी. अज्जींना आत्ता मागच्या जिन्यापाशी बघून आलो मी. झाले तीन. मग हरवलंय कोण?”

प्रसाद त्याच्या अंगावर धावून गेला. “माझी मुलगी हरवलीय! आठ वर्षांची मुलगी! कसली अज्जी अज्जी लावलीय?” मुकादम दचकला. त्याने खरंच आमच्याकडे असं पाहिलं, जणू मुलीचं तो आत्ता पहिल्यांदाच ऐकतोय. अहो, त्यानेच चढताना तिच्या गालाला हात लावून नाव विचारलं होतं!

मी विचार केला नाही. तेवढं डोकं जागेवरच नव्हतं. मी गळा फाडून ओरडले, “चौघं! आम्ही चौघं आहोत! नाल्कु मंदि! चौघं आहोत हो, चुकलं माझं!”

आणि खालून, मागच्या बाजूने, अन्वीचा आवाज आला. “आई, मी इथं आहे.”

खाली गेलो. साखळी निघालेली होती. साखळीच्या पलीकडे, त्या लोखंडी पायरीवर अन्वी बसली होती, पाय पाण्यात, फ्रॉक कमरेपर्यंत भिजलेला. त्याच क्षणी बोट वळायला लागली आणि एक लाट अख्ख्या पायरीवरून गेली. मी किंचाळले. लाट ओसरली तरी पोरगी जिथल्या तिथे. तिच्या फ्रॉकचा मागचा बंद कठड्याच्या खांबाला बांधलेला होता. ओल्याने गाठ इतकी आवळली होती की सुटेना, शेवटी वाढप्याने सुरीने बंद कापला. बोटीवरच्या एकानेही आपण बांधलं असं म्हटलं नाही, आणि लपवण्यासारखं काही वाईट तर त्यात नव्हतं.

अन्वी रडत नव्हती. रडत होते मी. तिला आवळून धरलं आणि विचारलं, कशाला आलीस इथे?

“तू आजीला जा म्हणालीस ना, म्हणून मी तिला बोलवायला आले.” मग म्हणाली, “आजी म्हणाली, तुझी आई आपल्या दोघींतल्या एकीलाच मोजतीय. तिचं गणित चुकलंय. ती बरोबर करेपर्यंत हलू नकोस.”

“कोण आजी? आपली अक्का?”

“अक्का असती तर मला कळलं नसतं का?”

धक्क्याला लागेपर्यंत आम्ही तिघं एकमेकांना धरून बसलो. मुक्काम केला नाही, सामान उचललं आणि निघालो.

घरी पोचल्यावर अक्कांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, आता माझी धडगत नाही. पण त्यांनी फक्त विचारलं, “तू तीन म्हणालीस?” मी मान हलवली. त्यांनी अन्वीला जवळ घेऊन तिच्या पाठीवरून हात फिरवला. मी म्हटलं, अक्का, ती कोण आहे? तर म्हणाल्या, “मला काय ठाऊक ग! माझ्या सासूने सांगितलं, मी करत आले. कोण येतंय म्हणून आम्ही कधी विचारलं नाही. विचारायचं धाडस तरी कुणाला होतंय?” मला इतकी भीती त्या बोटीवरही वाटली नव्हती.

प्रसादने आपल्या परीने शोध घेतला. त्याचं म्हणणं, दुसऱ्या कुणाची आजी असेल, ह्या लोकांनी आमची समजली. बोटवाल्यांना फोन केला, तर म्हणे त्या दिवशी वयस्कर बायका दोनच होत्या, दोघी पंजाबी ड्रेसमध्ये. गाठ अन्वीनेच खेळता खेळता मारली असेल, असंही तो म्हणाला. मी अन्वीला पाठीमागे हात नेऊन बंद बांधून दाखव म्हटलं. अजून तिला साधी नाडी बांधता येत नाही. आता प्रसाद तो विषय काढत नाही.

परवा हुबळीत जेवायला गेलो होतो, तिघंच. दारातल्या माणसाने नेहमीसारखं विचारलं, एष्टु मंदि? किती जण? अन्वीने माझ्याकडे बघितलं आणि माझा हात घट्ट धरला. मी चार म्हटलं. आम्हाला चार खुर्च्यांचं टेबल मिळालं आणि मी निमूटपणे चौथं ताट मागून घेतलं.

त्या आजीने अन्वीला तिथे नेलं की तिथे वाचवलं, हेसुद्धा मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. कुणाकडे उत्तर असेल तर जरूर लिहा. पण मला झोप लागत नाही ती ह्याने नाही. त्या संध्याकाळी मी मोठ्या तोंडाने सांगितलं, चार नाही, तीन. माझ्या मनात फक्त ती सुपारी होती. पण ऐकणारं जे कुणी होतं, त्याला मी कुठे सांगितलं होतं, की चौघांतलं मला नको आहे ते कोण?