तीन बॅटऱ्या आणि एक ओलं फडकं

जालना स्टेशनवर उतरले तेव्हा माझ्या पिशवीत तीन बॅटऱ्या होत्या आणि तिघींच्या कपाळावर टिकल्या होत्या. पहिलीला एक, दुसरीला दोन, तिसरीला तीन. नाशिकच्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत मी तीस वर्षं काढली. चिठ्ठी लावल्याशिवाय बाटली कपाटात ठेवायची नाही, ही सवय तिथली. निवृत्तीनंतर मी छोटा ड्रोन घेतला तेव्हा लेकीनं कपाळावर हात मारला. "आई, या वयात लोक भिशी लावतात," म्हणाली. भिशीतल्या बायका उडत नाहीत, त्याला मी काय करू?

ड्रोन उडवणं सोपं असतं, जीव जातो तो बॅटऱ्या सांभाळण्यात. एक भरलेली बॅटरी वीस-पंचवीस मिनिटं चालते, वारा असला की त्याहून कमी. माझा नियम असा की तीस टक्के उरले की ड्रोन परत बोलवायचा, मग खाली मोर नाचत असला तरी. उडून आलेली बॅटरी गरम असते. ती थंड होईपर्यंत चार्जरला लावून उपयोग नाही, ती वीज घेतच नाही. हे सगळं मी वहीत लिहून ठेवलेलं आहे. वहीत लिहिलेलं आणि हातून घडलेलं यात किती अंतर असतं, ते या प्रवासात कळलं.

पहिला दिवस भोकरदनच्या बाजूला गेला. केदारखेड्याला उतरून टपरीवर भजी खाल्ली, तिथल्या मिरचीनं डोळ्यांत पाणी आणलं. पुढे पिंपळगाव रेणुकाईला देवीचं दर्शन घेतलं आणि गुरवांना विचारून गावाबाहेरच्या पडीक रानातून ड्रोन सोडला. वरून शेतं अशी दिसत होती, जशी आजीच्या गोधडीची ठिगळं. मग मला हाव सुटली. पहिली बॅटरी संपली, दुसरी संपली, आणि राखून ठेवायची ती तिसरीही मी अर्ध्यावर आणली.

"बाई, हे किती वर जाऊन राह्यलं?" एका शेतकऱ्यानं मान वर करून विचारलं.

"शंभर मीटरच्या आसपास."

"मंग देवीला दिसलं आसंल," तो म्हणाला आणि बैलांकडे वळला.

रात्री जालन्याच्या लॉजवर खोलीत एकच चालू सॉकेट होतं. पहिली भरली, दुसरी भरली, तिसरी लावून मी झोपले. सकाळी पाहते तर ती सत्तेचाळीसवरच. वॉचमननं झोपताना मजल्याचं मेन स्विच बंद केलं होतं. "रोजच करतो, वीज वाचती," तो म्हणाला. त्याचं बरोबरच होतं, मीच विचारायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी घनसावंगीची बस धरली. तिथून पाच-सहा किलोमीटरवर गोदावरीच्या अंगाला माझी शाळेतली सोबतीण विमल हिची थोरली बहीण राहते, कौसाअक्का. पासष्टीच्या पुढच्या, मुलगा कामाला परगावी, घरात त्या आणि शेवंती. शेवंती म्हणजे म्हैस. काळीकुळकुळीत, कपाळावर पांढरा ठिपका आणि पहिलारू (पहिल्यांदाच विणारी), दिवस भरत आलेले.

"हिची आई हिला टाकून मेली," अक्का म्हणाल्या. "तान्ही व्हती तवापासून हातानं पाजलंय. पोरगा फोनवर विचारतो, आई तू कशी हाईस म्हणून न्हाई, शेवंती कशी हाय म्हणून."

त्यांनी मला ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याचं वाटण आणि वांग्याची भाजी वाढली. ऊन चढायच्या आत मी नदीकडे गेले आणि दोन्ही भरलेल्या बॅटऱ्या उडवून संपवल्या. वरून ऊसच ऊस दिसत होता, हिरवा समुद्र म्हणावा इतका सपाट. त्यात कोण कुठे आहे ते कळायला मार्ग नाही, असं तेव्हा सहज मनात आलं होतं.

घरी आल्यावर दोन्ही गरम बॅटऱ्या मी ओसरीवरच्या फळीवर ठेवल्या.

"ह्या का नाही लावल्या चार्जिंगला? आत्ता लाइट हाय," अक्कांनी विचारलं.

"गरम आहेत. थंड झाल्याशिवाय घेत नाहीत."

एवढं बोलून मी हातपाय धुवून जरा आडवी झाले. तासाभरानं उठले तर फळी रिकामी. अक्का हसतमुखानं मला माठापाशी घेऊन गेल्या. माठाच्या बुडाशी, झिरपत्या पाण्यात, ओल्या फडक्यात घट्ट बांधलेली माझी दोन लेकरं. त्या घरात दूध, विड्याची पानं, कोथिंबीर, सगळं असंच थंड होतं. उन्हातून आलेला मुलाचा मोबाइलसुद्धा त्या तसाच गार करायच्या म्हणे.

"बगा, गारेगार झाल्या," त्या म्हणाल्या.

फडकं सोडलं तर एका बॅटरीच्या फटीतून पाणी ओघळलं. आणि मी, पाहुणी म्हणून आलेली, ज्यांच्या घरची भाकरी अजून पोटात होती त्यांना म्हणाले, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं हात लावायला?"

अक्कांचं तोंड उतरलं. फडकं पिळून त्यांनी दोरीवर टाकलं. मला तेव्हाच लाज वाटली, पण राग असा असतो की लाजेला पुढे येऊ देत नाही.

तेवढ्यात लाइट गेली. मी तिन्ही बॅटऱ्या, चार्जर आणि ड्रोन पिशवीत टाकून जीपनं घनसावंगीला आले. तिथं सत्तारभाईंचं वाइंडिंगचं दुकान आहे (जळालेल्या मोटारींत नवी तार भरतात ते). अक्कांच्या विहिरीची मोटार तेच बघतात. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ओल्या बॅटऱ्या बघितल्या, कानाशी नेल्या, नाकाशी नेल्या.

"बाई, यांच्यात पानी गेलं. आता यांचा नाद सोडा. चार्जिंगला लावल्या तर जाळ करतील." मग त्यांनी दोन्ही उचलून दुकानाबाहेर वाळूच्या पाटीत नेऊन ठेवल्या. "मोटार आसती तर वाळवून दिली आसती. ही चीज वेगळी."

तिसरी, सत्तेचाळीसवाली, त्यांनी दुकानाच्या इन्व्हर्टरवर लावली. चहा मागवला. चहा येईतो बॅटरी पन्नासच्या पुढे गेली होती. मी अक्कांना काय बोलले तेही त्यांना सांगून टाकलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं.

"कौसाबाई बडी समजदार," ते म्हणाले. "पन मनाला लावून घेतली आसंल."

माझा फोन वाजला. अक्काच होत्या. आवाज ओळखू येत नव्हता.

"बाई, शेवंती दावं तोडून उसात गेली. दुपारपासून तिचं ध्यान न्हवतं. येळ झालाय तिचा. म्या बांधाबांधानं हाका मारून राह्यले, ओ देईना. दिवस बुडला की कोल्हे येतेत."

सत्तारभाईंनी बॅटरीकडे बघितलं. अठ्ठावन्न. "आर्धा तास थांबलात तर पुरी भरंल, पन उजेड न्हाई राहनार."

मी वायर उपटली. सत्तारभाईंनी दुकान तसंच उघडं टाकलं, शेजाऱ्याला 'बघ रे' म्हणाले आणि मोटारसायकलला किक मारली.

पोचलो तेव्हा सूर्य उसाच्या टोकाला टेकत होता. अक्का बांधावर उभ्या होत्या, हातात कंदील आणि एक जुनं फडकं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी ड्रोन सोडला. वर गेल्यावर पडद्यावर तेच सकाळचं हिरवं, फक्त आता सावल्या लांब. अक्कांच्या वाटणीचा ऊस कुठला आणि शेजाऱ्याचा कुठला, काही कळेना. एक पट्टा झाला, दुसरा झाला. पन्नास. पंचेचाळीस. त्या दोन बॅटऱ्या धड असत्या तर, हा विचार मनात आला आणि मी तो हाकलला. अक्कांच्या मनातही तोच असणार, हे मला न बघताही कळत होतं.

सदतीसला एका जागी ऊस वाऱ्याच्या उलट हलताना दिसला. ड्रोन खाली आणला. दोन खाटा मावतील एवढा ऊस आडवा झाला होता आणि मधे काळी पाठ.

"सापडली," मी म्हणाले. "पण आत, बरीच आत."

आता गणित सरळ होतं. परत यायला दहा टक्के लागणार. सत्तारभाई आणि अक्का उसातून वाट काढत तिथवर पोचायला दहा मिनिटं तरी लागणार. उसात शिरलेल्या माणसाला दोन हातांवरचं दिसत नाही, त्यांना दिशा दाखवायला वर काहीतरी थांबायलाच हवं. मी सत्तारभाईंना फोन चालू ठेवायला सांगितलं आणि म्हटलं, "त्या भुणभुणीच्या खाली चला."

तीसला पडदा तांबडा झाला. परत या, परत या, असं यंत्र सांगू लागलं. तीन वर्षांत मी हा नियम कधी मोडला नव्हता. बोट ठेवून मी ते रद्द केलं. पंचवीस. वीस. फोनमध्ये पानांची सळसळ आणि अक्कांचा दम. "डावीकडे घ्या," मी सांगत होते. "अजून डावीकडे." बारा. दहाला ड्रोननं माझं ऐकणं सोडलं आणि तो आपणहून खाली उतरू लागला.

"बाई, आवाज बंद झाला," सत्तारभाई म्हणाले.

"समोरच आहे. दहा पावलं. सरळ जा."

पडदा काळा झाला. मग फोनही कटला. मी बांधावर बसून राहिले. किती वेळ ते ठाऊक नाही. ड्रोनची मला काही पडली नव्हती. हे मी आज लिहिते आहे म्हणून नव्हे, तेव्हा खरंच पडली नव्हती. अंधार उसाच्या मुळांशी गोळा झाला तेव्हा फोन आला.

"वगार (म्हशीचं मादी पिल्लू) झाली," सत्तारभाई म्हणाले. त्यांचा आवाज रडवेला होता. "एक पाय आत मुडपला होता. कौसाबाईनं हात घालून सीधा केला. थोडा उशीर झाला आसता तर दोघीबी गेल्या आसत्या."

ते बाहेर आले. सत्तारभाईंच्या खांद्यावर वगार, मागे शेवंती, आणि शेवटी अक्का, छातीशी एक गाठोडं धरून. त्यांचा पदर ओला, लाल-चिकट झालेला होता. गाठोडं त्यांनी माझ्या हातात दिलं. आत ड्रोन होता, एक पातं मोडलेला.

"वगार पुसायला कोरडं फडकं नेलं व्हतं," त्या म्हणाल्या. "ते ह्याला बांधलं. वगारीला पदरानं पुसलं."

"अक्का, दुपारी मी जे बोलले—"

"आसू द्या," त्या म्हणाल्या. "चला, चहा ठेवते."

सकाळी निघताना त्यांनी मला बरणी दिली. आत चीक (व्यायलेल्या म्हशीचं पहिलं घट्ट दूध). घरात म्हैस व्यायली की पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, अशी तिथली रीत. बरणीला ओलं फडकं गुंडाळलेलं होतं. "ह्याला सुकू द्यायचं न्हाई. आन् त्या दुसऱ्याला भिजू द्यायचं न्हाई. ध्यानात ठिवा," त्यांनी बजावलं.

नाशिकपर्यंत मी तेच केलं. ड्रोनचं कोरडं गाठोडं मांडीवर आणि पायाशी बरणी, दर स्टेशनला तिच्यावर बाटलीतलं पाणी शिंपडत. समोरच्या गृहस्थांनी दोनदा विचारलं, त्यांना काय सांगणार? बॅटऱ्यांच्या बाबतीत मी शिकवलेल्या माणसांपेक्षा मला शिकवणारी माणसंच जास्त निघाली, एवढंच वाटत राहिलं. वहीत मी सगळे नियम लिहिले होते. कोणासाठी ते मोडायचे, तेवढं लिहिलं नव्हतं.

चीक अजिबात नासला नव्हता. लेकीनं खरवस केला, वेलची घालून. वाटी हातात घेऊनच मी अक्कांना फोन लावला.

"टिकला?" त्यांनी पहिलं तेच विचारलं.

"टिकला. अगदी ताजा होता."

"मंग. म्या सांगितलं न्हवतं का, ओल्या फडक्यात समदं टिकतं." मागे वगार हंबरल्याचं ऐकू आलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "ब्याटऱ्या सोडून."